शेजारची ऊब

खोलीची थंडी दाखवणाऱ्या त्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर आज पुन्हा निळा रंग उमटला होता, अगदी डाव्या टोकाचा, ज्याच्याखाली बारीक अक्षरांत 'धोका' असं छापलेलं होतं, आणि थेल्मानं ती पट्टी शेकोटीच्या फळीवरून उचलून तोंडाजवळ धरली, श्वासाच्या उबेनं तरी तो निळा हिरव्याकडे सरकतो का बघायला… सरकला, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. ही तर परीक्षेत शेजारणीच्या पाटीवर बघण्यासारखी लबाडी. दवाखान्यात हिवाळ्याची लस टोचून घेतली तेव्हा नर्सनं पट्टी हातात दिली होती. तुमच्या वयाच्या माणसांनी खोली हिरव्यात ठेवायची, म्हणाली होती ती, आणि थेल्मानं मान हलवली होती. कशानं ठेवायची ते नर्स म्हणाली नव्हती, थेल्मानंही विचारलं नव्हतं.

खुर्ची तिनं आता भिंतीला लावून ठेवली होती. तिचा नवरा विल्फ होता तोपर्यंत ती खुर्ची खिडकीपाशी असायची, तिथून गल्ली दिसायची आणि गल्लीच्या टोकाला समुद्राची एक राखाडी चीर. पण ऑक्टोबरात केव्हातरी वाकडी झालेली तसबीर सरळ करताना तिच्या तळहाताला भिंत कोमट लागली. ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी. पलीकडे शेजारच्या नोरीनचा हीटर होता, नेमका त्या जागी, आणि नोरीन तो सकाळपासून चालू ठेवत होती. तेव्हापासून दोन कार्डिगन, गुडघ्यांवर पांघरूण आणि पाठीला नोरीनची भिंत, अशी थेल्मा बसायची. तिला ते आवडायचं नाही. पाठीला बरं वाटायचं आणि मनात काहीतरी करपत राहायचं, की ही ऊबसुद्धा तिची, नोरीनची, उष्टी… भिंतीतून नोरीनचा रेडिओ ऐकू यायचा, मध्येच नोरीनचं गाणं, बेसूर, बिनधास्त, उबेतल्या माणसाचं.

पूर्वी ते पैसे आपोआप यायचे. उत्तर इंग्लंडात, डरहमच्या किनाऱ्यावरच्या त्या खाणीच्या गावात म्हातारं होणं म्हणजे गुडघे जाणं, दात जाणं आणि हिवाळा लागला की सरकारकडून इंधनाचे पैसे बँकेत येणं, हे सगळं एकाच माळेतलं होतं, कुणी मागितलं नव्हतं, कुणाला विचारावं लागत नव्हतं. यंदा ते सरसकट द्यायचे बंद झाले. म्हणजे कुणाला बंद? इथूनच सगळा घोळ सुरू झाला. खाटकाची बायको म्हणाली, ऐंशीच्या पुढच्यांना मिळणारच. पोस्टात कुणीतरी म्हणालं, स्वतःचं घर असेल तर विसरा. केस कापणारी पोरगी म्हणाली की तिच्या आजीला आले, आणि आजीला तर ते कशाचे हेही ठाऊक नाही. थेल्मानं सरकारी नंबर फिरवला होता. तिकडे एक धून वाजत राहिली, पुन्हा पुन्हा तीच, आणि फोनचं बिल चढतंय या धास्तीनं तिनं तो ठेवून दिला होता. रेडिओवर मात्र स्पष्ट सांगितलं: ज्यांना पेन्शनवर गरिबीची पुरवणी मिळते त्यांनाच.

गरिबीची. मी गरीब नाही. विल्फ छातीत कोळशाची धूळ भरून घेऊन गेला आणि मागे खाणीची पेन्शन ठेवून गेला, एवढीशी, पण नेमकी एवढी की त्याची बायको गरीब ठरू नये. रेषेच्या जरासं वर, जसं पाणी नाकाच्या जरासं खाली. आणि नोरीन… नोरीननं आयुष्यभर काय केलं? हातात आलं ते उडवलं. स्पेनच्या सहली, लाल बूट, शुक्रवारी बिंगो. तिचा नवरा एरिक बसवर कंडक्टर होता आणि पुढे दुसरीकडेच राहायला गेला, तेव्हाही नोरीननं पहिली गोष्ट काय केली असेल तर केस रंगवून आली. आम्ही मात्र पडदे उलटून शिवले, ख्रिसमसची पिशवी पुढच्या ख्रिसमसला वापरली. आणि आता सरकार म्हणतं, शाब्बास नोरीन.

नोव्हेंबरच्या शेवटी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना नोरीननं भिंतीवरून डोकं काढून विचारलं होतं, "मला आले गं पैसे, थेल. तुला?"

"येतील," थेल्मा म्हणाली होती, आणि चिमटा तोंडात धरून पुढचं बोलणं टाळलं होतं.

आज दहाच्या सुमाराला दार वाजलं. नोरीनच, ओठांना लाली, डोक्याला रेशमी रुमाल. तिनं दारातूनच थेल्माच्या खांद्यावरून आतली खोली पाहिली, भिंतीला लावलेली खुर्ची पाहिली, आणि पटकन नजर वळवली. तिचं ते नजर वळवणं थेल्माला लागलं. चॅपलच्या हॉलमध्ये आज मिस डॉड्स येणार होत्या, कुणाला काय मिळतं ते समजावून सांगणाऱ्या बाई. ख्रिसमसच्या आधी अर्ज गेला तर यंदाचे पैसे मिळतात, नंतर नाही. थेल्मा म्हणाली की तिला त्याची गरज नाही. नोरीन म्हणाली, गरज नसू दे, सूप तर फुकट आहे. आणि तिनं थेल्माचा कोट खुंटीवरून काढून स्वतःच पुढे धरला.

मागच्या गल्लीतून त्या निघाल्या. नोरीननं तिच्या दंडात हात अडकवला होता आणि अंगावर भार टाकून चालत होती. ही तिची जुनी खोड, माणसाला लगडून चालायची. पुरुष असो, बाई असो, जणू जगातली सगळी माणसं हिच्यासाठी हात वाकवून उभी आहेत. आणि असायचीही. याच गल्लीत पूर्वी कोळशाची गाडी यायची, खाणीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या दारासमोर त्याच्या वाटणीचा ढीग ओतून जायची, आणि सगळ्या बायका फावडी घेऊन बाहेर पडायच्या. एरिक खाणीत नव्हता, नोरीनच्या दारासमोर कधी ढीग पडला नाही. तेव्हा ऊब माझ्या घरात होती! तेव्हा माझ्या काचांवर वाफ धरायची आणि नोरीनच्या पोरी हातमोजे घालून अभ्यास करायच्या… आणि विल्फ, संध्याकाळी अंघोळ झाल्यावर, एक बादली भरून म्हणायचा, जरा शेजारी टाकून येतो. बादली टाकून यायला किती वेळ लागतो? थेल्मा बटाटे उकडत ठेवून ऐकत राहायची. बटाटे शिजायचे. मऊ व्हायचे, फुटायचे. मग तो यायचा, रिकामी बादली हातात, चेहरा काहीतरी उतरवून ठेवून आल्यासारखा मोकळा. तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि सांगितलेलं परत घेता येत नाही. तो वारल्यावर तर विचारायचं राहिलंच, फक्त नोरीन राहिली.

"गप्प का गं?" नोरीननं विचारलं.

"वारा आहे."

हॉलमध्ये लीकच्या पातीच्या नि बटाट्याच्या सुपाचा वास होता आणि ओल्या कोटांचा. अर्धं गाव तिथं होतं, वाट्या मांडीवर घेऊन, प्रत्येकाकडे एकेक ऐकीव गोष्ट. मिस डॉड्स पुढे उभ्या राहून शांतपणे सांगत होत्या की पुरवणी मिळत असेल तर पैसे मिळतील, वय कितीही असो, घर स्वतःचं असो की भाड्याचं. पण मध्येच कुणीतरी म्हणे, मग आमच्या मेहुण्याला कसे आले, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हातारा सिड, विल्फच्याच पाळीतला, मागून म्हणाला, "एकदा मरून बघा रे. गार पडलात की लगेच पात्र ठरवतील." लोक हसले. थेल्माही हसली. तिला बरं वाटत होतं, इतकी माणसं रेषेच्या वर लटकलेली पाहून. त्या घटकेला ती एकटी नव्हती.

मग मिस डॉड्स म्हणाल्या की काहींना वाटतं आपण बसत नाही, पण बसतात. एकटं राहणाऱ्या माणसाला अंघोळीला, कपडे करायला, उठायबसायला मदत लागत असेल तर त्यासाठी वेगळा भत्ता असतो, आणि तो मिळाला की पुरवणीची रेषाच वर सरकते. म्हणजे कालपर्यंत जे बाहेर होते ते आत येऊ शकतात. थेल्मा वाटी खाली ठेवणार होती ती ठेवायची राहिली. पण मग नोरीन… नोरीनला कशी? नोरीन तर लाल बूट घालून बिंगोला… गेल्या वर्षी. यंदा गेली होती का? आठवेना. तिला एवढंच सुचलं की नोरीननं खोटं सांगितलं असणार. लाली लावून, डोळे ओले करून, जशी ती पूर्वी मालकाकडून भाड्याची मुदत वाढवून आणायची. हा विचार तिला एकदम ऊबदार वाटला.

कोपऱ्यात एक टेबल मांडलं होतं, तिथं एकेकाला बोलावत होते. थेल्मा उठली नसती, पण नोरीननं तिचं नाव देऊन ठेवलं होतं. मिस डॉड्स पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी खालच्या आवाजात विचारायला सुरुवात केली.

"मिसेस रटर, अंघोळीला कुणाची मदत लागते का तुम्हाला?"

"नाही."

"कपडे करताना? बटणं, मोजे?"

"माझं मी करते सगळं. आयुष्यभर केलंय."

"कधी पडलात वगैरे…"

"मी पडत नाही."

शेजारी खुर्ची सरकली. नोरीन येऊन बसली होती, न विचारता. "खोटं सांगतेय हो ही," ती म्हणाली, आणि आवाजात चेष्टा नव्हती, म्हणूनच ते जास्त वाईट. "बोटं वळत नाहीत तिची. बटणं लागत नाहीत म्हणून कार्डिगन डोक्यातून घालते. किटली दोन्ही हातांनी उचलते आणि अर्धीच भरते. महिना झाला, केस धुतलेले नाहीत हिनं, हात वर जात नाही. मी बघते ना स्वयंपाकघराच्या खिडकीतून."

मिस डॉड्सनी लिहिणं थांबवलं. थेल्माच्या कानांच्या पाळ्या तापल्या. म्हणजे ही बघते! मी हिच्या भिंतीला पाठ लावून बसते आणि ही मला खिडकीतून बघते, केस, किटली, बटणं, सगळं एकेक करून… जसं विल्फला घेतलं तसं आता हेही, आणि वर सरकारच्या बाईपुढं मांडून ठेवते.

"तुला ना नोरीन," थेल्मा म्हणाली, आणि हॉल नेमका त्याच क्षणी शांत झाला, "पहिल्यापासून दुसऱ्याच्या कोळशावर शेकायची सवय."

त्या हॉलमध्ये कोळसा म्हणजे काय हे कुणाला सांगायची गरज नव्हती. सिडनं वाटीतला चमचा फिरवायचा थांबवला. कुणीतरी खुर्चीवरच्या रुमालाची उगाच घडी केली. नोरीनचं तोंड लालीसकट तसंच राहिलं, फक्त लालीच्या आतले ओठ लहान झाल्यासारखे दिसले. थेल्मा उठली आणि चालायला लागली, सरळ, दाराकडे, पाठ ताठ, आणि दाराची मूठ दोन्ही हातांनी फिरवावी लागली तेव्हा तिला वाटलं, सगळे बघताहेत.

बस थांब्याच्या बाकावर ती बसली. समुद्राकडून वारा येत होता आणि तिचा मफलर आत राहिला होता. तिला वाटत होतं की आता समाधान वाटेल. इतकी वर्षं जिभेखाली धरलेलं वाक्य एकदाचं बाहेर पडलं होतं. पण समाधान येईना. ती वाट बघत राहिली, जशी बसची बघतात.

नोरीन बऱ्याच वेळानं आली. आधी दारात दिसली, मग कठड्याला धरून पायऱ्या उतरली, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मग भिंतीला हात लावत लावत. थेल्मानं तिला कधी असं लांबून चालताना पाहिलं नव्हतं. नोरीन नेहमी कुणाच्या तरी दंडात असायची. माझ्या दंडात… आज सकाळी तो भार. तो लाडाचा भार नव्हता.

नोरीननं मफलर तिच्या मांडीवर टाकला आणि धापा टाकत शेजारी बसली. श्वास सावरला. मग म्हणाली, "विल्फ खोकायला यायचा माझ्याकडं."

"काय?"

"बादली ठेवायचा नि शेकोटीपुढं बसून खोकायचा. पोटात असेल-नसेल ते सगळं वर येईपर्यंत. तुझ्यासमोर नको म्हणायचा. थेल घाबरते, म्हणायचा. मी त्याला पाणी द्यायचे आणि रुमाल जाळून टाकायचे. झालं? एवढाच तुझा कोळसा."

थेल्मा समोरच्या बंद दुकानाच्या पाटीकडे बघत राहिली. घाबरते. मी घाबरत होते? बटाटे शिजत होते, मी ऐकत होते, भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला असेलच की कधीतरी. आला होता… मला वाटलं होतं एरिकचा. मला हसणं ऐकायचं होतं, म्हणून खोकला एरिकचा झाला. तो मोकळा चेहरा. तिला तो चेहरा पुन्हा डोळ्यांसमोर आणता येत होता, पण आता त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं, आणि तरीही आत कुठेतरी तीच जुनी कळ उठली, की रुमाल तिनं पाहिले. रुमालसुद्धा तिनं.

"आणि हे पैसे," नोरीन पुढं म्हणाली, हातमोजा काढत, घालत, "फुकट नाही दिले गं मला कुणी. वसंतात मी अंघोळीच्या टबात पडले. बाहेरच निघता येईना. तेव्हापासून खालचंही राहत नाही मला, कळायच्या आत होतं, लंगोट बांधते मी तान्ह्या पोरासारखी, बिंगोला जायची काय टाप. हे सगळं उन्हाळ्यात त्या डॉड्सबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. रडले नाही. घरी येऊन रडले."

लाली, रेशमी रुमाल, दिवसभर चालू असलेला तो हीटर. वाळत घातलेल्या चादरी, दर दोन दिवसांनी चादरी, आणि मी म्हणायचे, बघा, हिला कपडे धुवायचं यंत्रसुद्धा चालवायला परवडतं. थेल्माला काहीतरी बोलायला हवं होतं, माफ कर किंवा तसलं काही; पण तोंडात आलं ते दुसरंच होतं, आणि ते आलं तेव्हा तिचा आवाज तिला लहान मुलीचा वाटला, खेळात न घेतलेल्या.

"त्या बाईला सांगितलंस. उन्हाळ्यापासून तिला माहीत आहे. सगळं तिला, परक्या बाईला. मला का नाही सांगितलंस?"

नोरीननं तिच्याकडे पाहिलं. मग हसली, थोडंसंच, नाकातून.

"अगं, तुलाच तर आधी सांगितलं होतं. साबणाच्या डबीनं आपल्या दोघींच्या भिंतीतल्या पाइपवर ठोकत होते, ठण ठण ठण. तुझ्याकडून दोनदा परत आलं. म्हटलं, चला, ऐकलं थेलनं, आता येईल. पाणी पार गार होईपर्यंत मला वाटत होतं, येईल. मग म्हटलं, कुठं निघाली असेल घाईत. दुपारी कशीबशी आले बाहेर, टॉवेलला लटकून."

बस आली, थांबली, कुणी हात केला नाही म्हणून निघून गेली.

ती सकाळ थेल्माला आठवली. आठवली म्हणजे ती कुठं गेलीच नव्हती. किरकोळ चिडचिडींच्या ढिगात पडून होती. ती मोरीत उभी होती, केस विंचरत, तेव्हा हात वर जात होता, आणि पलीकडून ती ठणठण सुरू झाली, आणि तिला वाटलं, घेतलं काहीतरी नवीन बसवायला हिनं, नवा नळ, नवी फरशी, कुणाच्या पैशानं कोण जाणे… आणि तिनं ब्रशची मूठ पाइपवर दोनदा आपटली होती. जोरात. पुरे कर गं बाई, म्हणून. मग बाहेरचा रेडिओ मोठा केला होता.

हे सांगायला हवं. कुठं बाहेर निघाले नव्हते, घरातच होते, असं. नोरीन तिच्याकडे बघत नव्हती. गुडघे चोळत होती आणि म्हणत होती की डॉड्सबाई अजून तासभर आहेत, त्यांनी थेल्माचा कागद बाजूला ठेवलाय, फाडला नाही. सांगायला हवं, आणि जीभ उचलेना, कारण त्या लाजेच्या आत, अगदी तळाशी, दुसरं काहीतरी हललं होतं आणि थेल्माला ते ओळखू आलं तेव्हा ती स्वतःलाच भ्याली. आनंद होता तो. छोटासा, निलाजरा. टबात, उघडी, थंड पडत चाललेली नोरीन… तिनं देवाला हाक मारली नाही, पोरींना नाही, एरिकला तर नाहीच नाही. पहिल्यांदा मला ठोकलं होतं. पहिली मी. आणि ती वाट बघत होती, माझी, पाणी गार होईपर्यंत.

इतक्या वर्षांत तिला नोरीनचं जे जे हवं होतं, ती ऊब, ते हसणं, विल्फच्या त्या संध्याकाळी, त्यातलं काहीच आता हवंसं वाटत नव्हतं, आणि जे हवं होतं ते तिला तेव्हाच मिळालं होतं, आणि तिनं ब्रशच्या मुठीनं परत करून टाकलं होतं. हेवा करायला आता एकच बाई उरली होती. वसंतातली ती सकाळची थेल्मा, ब्रश हातात घेतलेली, जिला कुणीतरी बोलावत होतं.

"गार झालीस," नोरीन म्हणाली.

थेल्मानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिला ठरवता येईना.